त्रास देणारा मुलगा आपलाच निघाला तर?

तिखटमीठ | ११ जानेवारी, रात्री ११:५२

आधीच सांगते, धागा लांबलाय आणि त्यात मी काही चांगली दिसत नाही. इथे बारा वर्षं वाचतेय, लिहिते ते पाककृतींच्या धाग्यांवर. हे लिहायला तीन आठवडे लागले.

लेक नववीत आहे. नाशिकमधलीच सेमी इंग्रजी शाळा, नाव देत नाही. डिसेंबरात गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेचा फोन आला, "जरा येऊन जाता का, मोठ्या बाईंनी बोलावलंय." मी कामावर होते, पतसंस्थेत. पहिला विचार आला, पोराला कोणी मारलं की काय. रिक्षात बसल्या बसल्या कोणाला काय सुनवायचं तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत आणखी एक आई बसली होती. ती काही बोलली नाही. फोन माझ्यापुढे धरला आणि अंगठ्याने सरकवत राहिली. सगळे स्टिकर एकाच मुलाचे. सहलीत मिसळ खाताना काढलेला एकच फोटो: तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हनुवटीला तर्री. तोच चेहरा कधी हत्तीच्या धडावर, कधी जेसीबीच्या फावड्यात, कधी लग्नाच्या हारात. खाली मजकूर. 'डंपर आला, बाजूला व्हा.' 'पाव संपले, बाक खा.' बाकीचे लिहवत नाहीत. एकूण ३८ निघाले. ग्रुपमध्ये ३१ मुलं, वर्ग ५२ चा. बनवणारा माझा मुलगा, आणि ग्रुपचा अ‍ॅडमिनही तोच.

तो मुलगा नऊ दिवस शाळेत आलेला नव्हता. पोट दुखतं म्हणायचा. घरच्यांनी सोनोग्राफीसुद्धा करून आणली. त्यात काही निघालं नाही तेव्हा आईने फोन बघितला.

घरी आल्यावर नवऱ्याने लेकाचा फोन काढून घेतला, एक कानाखाली ठेवून दिली. मी रडले, ओरडले. लेक गप्प. सगळं ओरडून झाल्यावर म्हणाला, "आजोळ कट्ट्यावर मामीचे किती आहेत, मोज."

आजोळ कट्टा म्हणजे माझ्या माहेरचा ग्रुप. एका लग्नात वहिनी मांडवातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं. कोणी "जेवलात का" विचारलं की तो स्टिकर पडतो. कोणी "निघालो" म्हटलं की पडतो. मी मोजले. १७. सगळ्यात जास्त मीच टाकते. आणि पहिला बनवला होता यानेच, सातवीत असताना. "कसला भारी बनवलास रे" म्हणून मी त्याला शंभर रुपये दिले होते.

शाळेने चार दिवस घरी बसवलं, माफीपत्र घेतलं. नवरा म्हणतो विषय संपला. मला तो संपलेला वाटत नाही. शिवाय सातवीत यालाच वर्गात 'काडी' म्हणायचे. अंगावर मांस नाही म्हणून. रडत घरी यायचा. तेव्हा आम्ही दोघांनी काय सांगितलं? "हसून घे. नाहीतर तूपण म्हण की त्यांना काहीतरी."

त्याने ऐकलं आमचं. आता काय करू?


पावशेर | १२ जानेवारी, सकाळी ७:१०

ताई, उगाच जिवाला लावून घेताय. आमच्या वर्गात डांबर, बोकड, ढापण्या, टमरेल असे सगळे होते. मी पावशेर, आयडीसुद्धा तोच घेतलाय बघा. चाळीस वर्षांनी सगळे जमलो तेव्हा त्याच नावांनी हाका मारल्या, पोट दुखेपर्यंत हसलो. माफीपत्र झालं ना? संपलं. हल्लीची मुलं फार नाजूक झालीत.


कोरा_चहा | १२ जानेवारी, सकाळी ७:४८

पावशेर, तुमच्या वेळी शाळा सुटली की 'पावशेर' बाकावरच राहायचा. रात्री साडेअकराला उशीखाली येत नव्हता. आणि त्या दिवशी डांबर आला होता का हो? खरं सांगा.


पावशेर | १२ जानेवारी, सकाळी ८:३०

नव्हता आला. त्याचा नंबर कोणाकडेच नाही.


टपरीवाला | १२ जानेवारी, सकाळी ९:०५

खुर्ची टाकून बसलोय. (स्टिकर टाकणार होतो, नाही टाकला.)


नाव_नको | १२ जानेवारी, दुपारी १:२२

या प्रतिसादासाठी नवा आयडी काढलाय. जुन्या आयडीने मला इथे बरेच जण ओळखतात.

तिखटमीठ, तुमचं लिखाण वाचून आधी राग आला, मग थोडा कमी झाला, पुन्हा आला. मी त्या खोलीत फोन पुढे धरणारी आई आहे. तुमच्या शाळेतली नाही, पण तीच.

माझी मुलगी आठवीत असताना तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं होतं. तिचाच फोटो, तिच्याच शाळेचं नाव, आणि त्यावरून वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज. म्हणजे तिनेच पाठवले असं वाटावं. ते करणारी तिची पाचवीपासूनची मैत्रीण होती. आमच्याकडे राहायला यायची, माझ्या हातची थालीपीठं खायची. कारण विचाराल तर मुलीने दुसऱ्या ग्रुपबरोबर नाच बसवला, एवढंच. मला ते अजूनही पटत नाही, पण कारण तेवढंच होतं.

काय लक्षात राहिलं ते सांगते. त्या मैत्रिणीबद्दल आता फार काही वाटत नाही, तेरा वर्षांची पोर होती. वर्गातल्या किमान वीस मुलांना खातं खोटं आहे हे माहीत होतं. त्यातल्या सात-आठ जणांच्या आयांना मी चांगली ओळखते. त्यांनाही कळलं होतं, मुलांनी घरी सांगितलं होतं. घराघरात उत्तर एकच मिळालं: "आपण नको पडूया त्यात." तीन आठवडे माझ्या मुलीबद्दल सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून.

शेवटी त्या मुलीच्या आईने मला व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. 'सॉरी, मुलं आहेत.' तीन इमारती सोडून राहते.

तुम्हाला एकच विचारते. तुम्ही त्या मुलाच्या घरी गेलात का?


तिखटमीठ | १२ जानेवारी, रात्री १०:१५

नाही गेले. त्या दिवशी बाईंच्या खोलीत सॉरी म्हटलं, तेवढंच. जायची हिंमत झालेली नाही.


ओंजळ | १३ जानेवारी, सकाळी ११:३०

मी पुण्यात किशोरवयीन मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. थोडं सविस्तर लिहिते.

तिखटमीठ, पहिलं म्हणजे फोन परत द्या. आज नाही तर या आठवड्यात. शिक्षा चुकीची आहे असं मी म्हणत नाही, तिचा अर्थ काय लागतो ते सांगते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना, त्रास झालेल्या आणि त्रास दिलेल्या दोन्ही, "घरी का नाही सांगितलं?" विचारलं की पहिलं कारण जवळपास ठरलेलं असतं: फोन जाईल. चौदाव्या वर्षी फोन जाणं म्हणजे मित्र जाणं. ज्याला त्रास होतोय त्यालासुद्धा छळापेक्षा ते मोठं वाटतं. उद्या तुमच्या मुलाला कोणी नग्न फोटोवरून धमकावलं तर तो तुमच्याकडे येईल का, हा हिशेब आजच्या जप्तीत होतोय.

दुसरं, 'हसून घे'. हा सल्ला आपण सगळेच देतो. माझ्या वडिलांनी मला दिला होता. पण मुलाच्या बाजूने बघा. हसण्यातून सुटायचं असेल तर हसणाऱ्यांमध्ये जाऊन बसायचं, आणि तिथे बसायला जागा हवी असेल तर हसायला दुसरं कोणी आणून द्यायचं. 'काडी'ने 'डंपर' आणून दिला. त्रास देणाऱ्या मुलांत आधी त्रास सोसलेली बरीच असतात, पाश्चात्त्य अभ्यासांतही ही सरमिसळ पुन्हा पुन्हा दिसते आणि सगळ्यात जास्त बिघडलेली तीच असतात. मैदानावर मार खाल्लेला मुलगा उलटून मारेलच असं नाही, अंगात जोर हवा. फोनवर जोर लागत नाही.

तिसरं, घर. अल्बर्ट बँडुरा यांचा १९६१ चा हवा भरलेल्या बाहुल्याचा प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना पाहिलेल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांनी नंतर तसंच केलं. त्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मारताना मोठी माणसं जे शब्द बोलली होती, तेही मुलांनी जसेच्या तसे उचलले. तुमच्या आजोळ कट्ट्याचं वाचलं आणि मला तेच आठवलं. मुलं आपल्याकडून तुच्छतेचं व्याकरण शिकतात. कोणावर हसायचं, किती, आणि तो चिडला तर "गंमत कळत नाही का" म्हणून वर त्यालाच दोष कसा द्यायचा. हे तिसरं सगळ्यात पक्कं शिकतात.

कानाखाली ठेवून दिली त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. तुम्हाला कळतंय.

डॅन ओल्वेउस या नॉर्वेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाने या छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा केलेला, आणि दोघांच्या ताकदीत फरक असलेला. फोनवर यातली 'पुन्हा पुन्हा' गडबडते. तुमच्या मुलाला वाटत असेल, मी एक स्टिकर एकदाच टाकला. पुढचे तीनशे वेळा ३१ अंगठ्यांनी टाकला. त्यातल्या प्रत्येकाला आपण एकदाच टाकलाय असं वाटतं.


वकील_सातारकर | १३ जानेवारी, दुपारी ४:०२

कायद्याचं थोडक्यात, कारण अर्धवट माहितीवर लोक एकमेकांना घाबरवतात.

'सायबर छळ' या नावाचं स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. आयटी कायद्याचं ६६अ लोक अजून सांगतात. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. खोट्या खात्याला (नाव_नको यांचा प्रसंग) त्याच कायद्यातली तोतयेगिरी आणि ओळखचोरीची कलमं बघता येतात. अल्पवयीन मुलाचं नग्न वा अश्लील चित्र, मग ते जोडकाम करून बनवलेलं का असेना, आलं की ६७ब आणि पॉक्सो (मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा). तिथे गंमत, मस्करी काही चालत नाही.

करणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याला कोठडीत टाकता येत नाही, त्याचं नाव छापता येत नाही. उद्देश सुधारणेचा आहे.

अ‍ॅडमिनबद्दल: २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार नसतो, दोघांचा तसा समान हेतू असल्याशिवाय. पण ताई, तुमचा मुलगा स्वतःच बनवत होता. हे त्याच्या कामाचं नाही.

तक्रारीसाठी: १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीला. मुलांसाठी १०९८. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. स्क्रीनशॉट आधी, ब्लॉक नंतर. लोक रागात उलटं करतात आणि पुरावा जातो.


झुळूक_७ | १३ जानेवारी, संध्या. ६:४०

ओंजळ, 'तुच्छतेचं व्याकरण' डोक्यात बसलं. आमच्याकडे सासरे प्रत्येक वेटरची, वॉचमनची नक्कल करतात आणि सगळं घर हसतं. मीही.


कालचा_पोर | १४ जानेवारी, रात्री १:३४

मी १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग दुसरं वर्ष. इथे आई वाचते, तिच्यामुळे मीही. मोठ्यांच्या धाग्यात घुसतोय, सॉरी.

काकू, तुमच्या मुलाच्या ग्रुपमधल्या ३१ पैकी एक मी होतो असं समजा. आमचाही ग्रुप होता, दहावीत. आमच्याकडे एक मुलगा 'स' ला 'श' म्हणायचा. त्याची व्हॉइस नोट कापून, मागे बीट टाकून गाणी बनवली होती. बनवणारा एकच होता. मी कधी बनवलं नाही. मी फक्त हसणारा चेहरा दाबायचो.

तुम्ही सगळे बनवणाऱ्याबद्दल बोलताय. त्याला काय मिळतं ते सांगतो. आमच्यातला जो बनवायचा त्याला क्रिकेट येत नव्हतं, मार्क बरे नव्हते, कोणी विचारत नव्हतं. पहिली क्लिप टाकली आणि दहा मिनिटांत चाळीस रिअ‍ॅक्शन. दुसऱ्या दिवशी बारावीच्या मुलांनी त्याला नावाने हाक मारली. तुम्ही असता तर दुसरी बनवली नसती का? आठवडाभर नवीन काही आलं नाही तर लोकच मागायचे, "भावा, माल कुठंय." कधीकधी तो कंटाळलेला दिसायचा, खरंच. पण बंद केलं असतं तर परत कोणीच नसता.

आणि आम्ही गप्प का? ग्रुप सोडता येतो की, असं आई म्हणते. आता गुपचूप बाहेर पडता येतं, फक्त अ‍ॅडमिनला कळतं. पण अ‍ॅडमिन तोच असतो ना. सोडलं की पुढचा स्टिकर तुमचा. आणि ग्रुपवर फक्त हेच नसतं. गणिताच्या वह्यांचे फोटो तिथेच येतात, क्लासची वेळ बदललेली तिथेच कळते, वाढदिवसाला कुठे भेटायचं तेही तिथेच. बाहेर पडणं म्हणजे वर्गाबाहेर पडणं.

एकदा एका मुलीने लिहिलं होतं, "बस ना आता." फक्त एवढंच. त्यावर कोणी काही बोललं नाही, दोन दिवस ग्रुप शांत होता. दोन दिवस! मग परत सुरू झालं. तेव्हा मी तिच्या मेसेजला नुसता अंगठा जरी दिला असता, किंवा अजून दोघांनी दिला असता, तर मला वाटतं ते थांबलं असतं. मी तो मेसेज वाचून फोन उलटा ठेवला होता.

तो मुलगा माझ्याच कॉलेजला आहे आता. 'स' अजून तसाच म्हणतो. माझ्याशी बोलतो. त्याला माहीत नाही की मला सगळं आठवतं, किंवा माहीत असेल.


कोरा_चहा | १४ जानेवारी, सकाळी ८:००

बाळा, सॉरी कशाला. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे हा.


मेलबर्नची_माई | १४ जानेवारी, सकाळी ९:२५

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद. इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबचं खातंसुद्धा. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. नातवंडांचे तोंड पाडलेले चेहरे बघवत नाहीत, पण मला बरंच वाटलं. भारतातही आणायला हवं.


कोरा_चहा | १४ जानेवारी, सकाळी ९:५०

माई, व्हॉट्सॲप आहे का त्या यादीत?


मेलबर्नची_माई | १४ जानेवारी, सकाळी ११:१२

नाही ग. निरोपांची ॲप्स वगळली आहेत. म्हणजे तिखटमीठच्या लेकाचा उद्योग इथेही सुखेनैव चालला असता. नातीच्या वर्गाचा ग्रुप आहेच, आता लक्षात येतंय.


हिमगौरी | १४ जानेवारी, दुपारी २:४५

फिनलंडहून. कालचा_पोर जे सांगतोय त्यावर इथे सगळा कार्यक्रम उभा आहे, म्हणून लिहिते. माझी मुलं इथल्या सरकारी शाळेत आहेत.

क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडलं की छळात दोनच पात्रं नसतात. करणारा, त्याला हात लावणारे, हसून हवा देणारे, बाजूला उभे राहणारे, सोसणाऱ्याच्या बाजूने येणारे आणि सोसणारा. तुर्कू विद्यापीठात त्यांनी त्यावरून 'किवा' नावाचा कार्यक्रम बांधला, २००९ पासून देशभरच्या शाळांत पसरला. किवा म्हणजे फिनिशमध्ये 'छान'. 'छळाविरुद्ध' अशा अर्थाच्या दोन शब्दांचं ते लघुरूपही आहे.

मला आवडलेला भाग असा: फक्त करणाऱ्याशी बोलून थांबत नाहीत, बघणाऱ्यांकडेही जातात. प्रकरण उघड झालं की शिक्षक वर्गातल्या दोन ते चार मुलांना बाजूला घेतात, अशी मुलं ज्यांना वर्गात मान आहे आणि मनाने बरी आहेत, आणि विचारतात, "याला बरं वाटावं म्हणून तुम्ही काय कराल?" काय करायचं ते मुलंच ठरवतात. डब्याला सोबत बसू, घरी जाताना सोबत जाऊ. मोठं काही नसतं. छळ पूर्ण थांबतो असं नाही, इथेही व्हायच्या त्या गोष्टी होतात. आमच्या धाकट्याला 'करीवाला' ऐकावं लागलं होतं. पण त्याच्या बाकावर दुसऱ्या दिवशी दोघं येऊन बसले, आणि ते शिक्षिकेने घडवून आणलं होतं हे मला वर्षभराने कळलं.


नववीचा_मास्तर | १४ जानेवारी, रात्री ९:०८

हिमगौरीताई, वर्गात किती मुलं असतात तुमच्याकडे? माझ्याकडे ६४ आहेत, दोन तुकड्या एकत्र केल्यात. तक्रारपेटी आहे. तीत वेफर्सची पाकिटं निघतात. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर आहे, बैठकीचं इतिवृत्त मीच लिहितो. टोमणा समजू नका, दमलोय एवढंच.

तरी एक सांगतो. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत पहिली आलेली मुलगी आठवते? ६०० पैकी ५९१ गुण, आणि देशभरच्या लोकांनी तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवरून चेष्टा मांडली. मी वर्गात तो विषय काढला. मला वाटलं होतं मुलं हसतील. एक मुलगा म्हणाला, "सर, कमेंट करणारे सगळे मोठे आहेत. प्रोफाइलला स्वतःच्या मुलीचा फोटो आहे एकाच्या." मी पुढे काय शिकवणार होतो ते विसरलो.

पालकसभेत मोबाईलचा विषय काढला की अर्धे बाप फोनमध्ये बघत "बरोबर आहे सर" म्हणतात.

'माल कुठंय' हे मात्र लिहून ठेवलंय. उद्या ऑफ तासाला याच शब्दावरून सुरुवात करणार. कालचा_पोर, परवानगी गृहीत धरतो.


कालचा_पोर | १४ जानेवारी, रात्री ९:३०

चालेल सर. शाळेचं नाव नका सांगू फक्त.


पावशेर | १५ जानेवारी, सकाळी ६:५५

डांबरचा नंबर मिळाला. दौंडला असतो. काय बोलायचं ठरवत दोन दिवस झाले. नाव प्रशांत आहे त्याचं, मला आठवायला वेळ लागला.


तिखटमीठ | २५ जानेवारी, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, सगळं वाचलं. काही दोनदा.

वहिनीला फोन केला. म्हटलं, त्या स्टिकरचं तुला कधी वाईट वाटलं का ग? ती हसली आधी. मग म्हणाली, "ताई, तो ग्रुप म्यूट करून मला दोन वर्षं झाली." मी म्हटलं, बोलली का नाहीस. तर म्हणाली, "बोलले असते तर अजून एक निघाला असता." कालचा_पोरने लिहिलंय ना, पुढचा स्टिकर तुमचा, तेच. वय ४१ आहे तिचं.

ग्रुपवर मी लिहिलं की हे स्टिकर आजपासून नकोत, पहिला मान माझा, मी काढलेत. मोठ्या भावाने लगेच तोच स्टिकर टाकला. त्यावर चौघांचे हसरे चेहरे. मग आमच्या ७४ वर्षांच्या आईने, जिला नीट टायपायला येत नाही, लिहिलं: "पुरे". भावाने डिलीट केला. फोनवर मला म्हणाला, तू फार सिरियस व्हायला लागलीस.

लेकाला फोन परत दिला. नवऱ्याला पटलेलं नाही, अजून धुसफूस आहे. कानाखाली मारल्याचं मात्र तो स्वतःहून लेकाशी बोलला. काय बोलला मला माहीत नाही, मी भाजी निवडत बसले मुद्दाम.

आणि नाव_नको, गेले मी. लेकाला घेऊन. आधी फोन करून विचारलं, येऊ का. त्या म्हणाल्या, या. पाणी दिलं, चहा विचारला नाही, तेही बरोबरच. लेकाला बोलताच येईना. रिक्षात पाठ करत होता ते सगळं विसरला, "मी नको करायला हवं होतं" एवढंच दोनदा म्हणाला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुझा फोटो कोणी असा ठेवला असता तर?" तर हा म्हणाला, "ठेवला होता. सातवीत." मला हे माहीतच नव्हतं. नुसतं नाव ठेवत असतील असं समजत होते मी. त्याचा शर्ट काढलेला फोटो फिरला होता, पोहण्याच्या वर्गातला.

त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटतं त्यांना ते ऐकायचं नव्हतं, आणि का ऐकावं त्यांनी.

मुलगा आतल्या खोलीत होता. आम्ही निघताना दारापर्यंत आला. माझ्या लेकाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, ते ग्रुपवरून डिलीट केले तरी जात नाहीत. लोकांनी फेव्हरेटमध्ये ठेवलेत."

घरी येऊन लेकाने ३१ जणांना एकेकट्याला मेसेज केला, काढून टाका म्हणून. मी सांगितलं नव्हतं. १९ जणांनी 'ओके' लिहिलं, बाकीच्यांनी वाचून सोडून दिलं. एकाने त्याला परत तोच स्टिकर पाठवला.

शाळेत दोघं वेगवेगळ्या बाकांवर. तो मुलगा यायला लागलाय, हे बाईंकडून कळलं. माझ्या लेकाशी सध्या कोणी फार बोलत नाही.


नाव_नको | २६ जानेवारी, सकाळी १०:०५

गेलात, वाचलं. त्या मुलाच्या क्लासमध्येही पसरले होते का? दुसऱ्या शाळांच्या मुलांकडे?


तिखटमीठ | २६ जानेवारी, सकाळी १०:४०

हो. दोन क्लासमध्ये. तिथली मुलं लेकाच्या ओळखीची नाहीत, नंबर नाहीत. रविवारी क्लासच्या सरांना भेटायला जाणार आहोत. लेक म्हणतो मी येतो, पण आत तू बोल.